अंधारात उजळणारी शाई आणि दुतोंड्या मारुती – स्क्रीनप्रिंटवाल्यांनो, जरा मदत करा

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. पंचवटीत राहते, शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात गच्चीवरच्या खोलीत स्क्रीनप्रिंट करते, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई कागदावर उतरवते. आता डोक्यात एक मालिका आहे. दिवसा एक चित्र दिसायला हवं आणि दिवा बंद केला की त्याच कागदावर दुसरं.

पहिलं चित्र दुतोंड्या मारुतीचं. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, रामकुंडाच्या जवळ गोदावरीच्या पात्रातच ही मोठी मूर्ती उभी आहे आणि पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं गाव एकच प्रश्न विचारतं, मारुतीला कुठवर लागलं? घोट्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, हेच आमचं पूर मोजायचं माप. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर मूर्तीच दिसेनाशी झाली होती. तर माझ्या प्रिंटमध्ये दिवसा उन्हाळ्यातला कोरडा घाट, भाजीवाल्या, पार्क केलेल्या गाड्या, आणि अंधार केला की त्याच घाटावर पुराचं पाणी चढलेलं.

शाई कुठली घ्यावी, जाळी कितीची, थर दिवसा लपेल का आणि प्रदर्शनात हे लोकांना दाखवायचं कसं, एवढे प्रश्न आहेत. पंचवटी, पांडवलेणी, काळाराम असे अजून काही विषय काढून ठेवलेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भटक्या४२२

प्रकाश टाकला की दिसणार नाही ना ताई, बंद करावा लागेल :) ह. घ्या. (हलके घ्या). कल्पना भारी आहे, वाचतोय.

जाळीवाला

सातपूरला आमचं स्क्रीनप्रिंटिंगचं छोटं युनिट आहे, नेमप्लेट, पॅनलवरचे स्टिकर, जिन्यात लावायच्या बाणाच्या पट्ट्या वगैरे. त्या जिन्याच्या पट्ट्यांमुळे ही शाई हाताखालून बरीच गेलीय म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, दुकानात 'अंधारात चमकणारी' एवढंच म्हणालात तर तीन वेगळ्याच वस्तू समोर येतील. एक फ्लोरोसंट, म्हणजे ती भडक निऑन गुलाबी-पोपटी, ती काळ्या अल्ट्राव्हायोलेट दिव्याखालीच पेटते, दिवा गेला की संपली. दुसरी गाडीच्या नंबरप्लेटवाली रिफ्लेक्टिव्ह, ती समोरचा उजेड परत फेकते बस. तिसरी तुम्हाला हवी ती फॉस्फोरसंट, उजेड पिऊन ठेवणारी आणि नंतर हळूहळू सोडणारी. तयार शाई घेण्यापेक्षा पावडर घ्या आणि आपल्या क्लिअर बेसमध्ये (बिनरंगाच्या शाईत) घाला, तयार शाईत पावडर किती कंजूषपणाने घातलीय ते डब्यावर लिहिलेलं नसतं. वजनाने तिसरा हिस्सा तरी पावडर पाहिजे, त्याच्या खाली गेलात तर मजा नाही.

जाळी जाड लागते. लग्नपत्रिकेच्या बारीक अक्षरांना वापरतो ती १२० टी जाळी (सेंटीमीटरला १२० धागे) इथे विसरा, पावडर वरच अडकून बसते आणि खाली नुसता बेस उतरतो. ४३ टी घ्या. तिचं भोक दीडशे मायक्रॉनच्या आसपास असतं आणि आपला धंद्यातला हिशोब असा की भोक कणाच्या निदान तिप्पट पाहिजे, म्हणजे पन्नास मायक्रॉनपर्यंतचे कण बिनधास्त जातात. बारीक पावडर छापायला सोपी पण उजेड कमी देते, हा सौदा करावाच लागतो. आणि दोन हात मारा, पहिला सुकवून त्यावर दुसरा.

अजून एक, पावडर जड असते, डब्यात खाली बसते. चार प्रिंट काढून चहाला गेलात तर आल्यावर आधी ढवळा. लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने, लोखंडी पट्टीने नको, पावडर इतकी कडक असते की लोखंड घासून शाई करडी पडते.

कण_कण

वर जाळीवाल्यांनी छान लिहिलंय. रसायनशास्त्र शिकवतो म्हणून थोडी भर.

बाजारात दोन जातीच्या पावडरी मिळतात. जुनी म्हणजे तांबं मिसळलेलं झिंक सल्फाइड, लहानपणीच्या त्या हिरवट चांदण्यांच्या स्टिकरमधली. नवी म्हणजे युरोपियम आणि डिस्प्रोशियम घातलेलं स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट, हे १९९३ मध्ये जपानच्या नेमोटो कंपनीत सापडलं. युरोपियम उजेड देतं, आणि डिस्प्रोशियममुळे स्फटिकात जे सापळे तयार होतात त्यात ऊर्जा अडकून राहते, खोलीच्या उष्णतेने ती थोडी थोडी सुटते. म्हणून झिंक सल्फाइड अर्ध्या-पाऊण तासात मरगळतं आणि अॅल्युमिनेट रात्रभर मंदसं का होईना दिसत राहतं. हिरवं अॅल्युमिनेट ५२० नॅनोमीटरला, निळसर-हिरवं ४९० च्या आसपास. अंधाराला सरावलेला डोळा ५०७ च्या जवळ सगळ्यात तिखट असतो, त्यामुळे हे दोन्ही रंग डोळ्याला सोयीचे पडतात. लाल पावडर मिळते पण तिच्या नादी लागू नका, फार लवकर विझते.

गोदाकाठची, तुम्ही पाण्यात मिसळणारा बेस वापरत असाल तर कोटिंग केलेली पावडरच मागा. उघडं अॅल्युमिनेट पाण्याने खराब होतं, डबा घट्ट होतो आणि उजेड जातो. खलबत्त्यात कुटून बारीक करायचा मोह पण टाळा, स्फटिक तुटले की चमक गेली.

मावशीचा_डबा

हे रेडियम असतं ना? घरात लहान मुलं आहेत म्हणून विचारते, भिंतीला लावलं तर काही होत नाही ना?

कण_कण

नाही हो, यात रेडियम काही नसतं. १९१७ च्या पुढे अमेरिकेत घड्याळाच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रश ओठाने टोकदार करायच्या आणि त्यांची हाडं सडली, तो रंग रेडियम घातलेला होता, झिंक सल्फाइडला सतत पेटतं ठेवायला. आत्ताच्या पावडरी स्वतःहून काहीच करत नाहीत, उजेड दाखवला तरच. छापताना कोरडी पावडर नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावा. त्यापेक्षा जास्त काळजी जाळीवर चित्र उतरवायच्या जुन्या पद्धतीच्या बायक्रोमेट इमल्शनची घ्या, ते खरंच विषारी आहे, गच्चीच्या मोरीत ओतू नका.

नाशिकरोडकर

आमच्या घरात दोन पिढ्या प्रेसमध्ये गेल्या. बाहेरच्यांना सांगतो, नाशिकरोडला 'प्रेस' म्हणजे १९२५ चा इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ चा करन्सी नोट प्रेस. गंमत म्हणजे या गावात चमकणारी शाई रोज छापली जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. नोट अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरा, नंबर उजळतात आणि कागदातले बारीक धागे पण. दिवा काढला की गेलं, म्हणजे जाळीवाले म्हणतात ती पहिली जात. इंग्लंडच्या पोस्टाच्या तिकिटांवर मात्र १९५९ पासून फॉस्फरच्या पट्ट्या आहेत, पत्रं छाटणाऱ्या मशीनला तिकीट कुठल्या कोपऱ्यात आहे ते कळावं म्हणून. तिकिटं जमवणारे अजून लॅम्प घेऊन बसतात त्या पट्ट्या मोजायला. म्हणजे माणसाला दिसू नये आणि मशीनला दिसावं म्हणून छापलेली गोष्ट, तुमचं बरोब्बर उलटं चाललंय.

काळीशाई

थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका. मी वुडकट आणि एचिंग करतो. हा सगळा प्रकार मला मुलांच्या खोलीतला वाटतो. लोक येणार, दिवा बंद करणार, 'वॉव' म्हणणार, मोबाईल काढणार आणि निघून जाणार. रात्रीचा थर काढून टाकला तर तुमचं दिवसाचं चित्र एकटं उभं राहतं का? नसेल राहत तर ती प्रिंट नाही, जादूचा प्रयोग आहे.

आणि तांत्रिक बाजूनेही आमच्या कामात ही पावडर बसत नाही. लाकडी ठशावर रोलरने जो शाईचा थर चढतो तो काही मायक्रॉनचा, त्यात तीस-चाळीस मायक्रॉनचा खडा राहणार कुठे? एचिंगच्या तांब्याच्या प्लेटवर ती लावून पुसायला घ्या, प्लेटच घासून निघेल.

पैठणीवाली

काळीशाई, चित्र एकटं उभं राहायला हवं हा मुद्दा पटला. पण जादूचा प्रयोग म्हणून हिणवायचं तर रविवर्म्याच्या ओलिओग्राफवर, म्हणजे तैलचित्रासारख्या छापील चित्रांवर, बायका घरी बसून जरी, टिकल्या, कापड चिकटवायच्या, तेही हिणवलं गेलं आणि आज तेच लोक संग्रहात जपून ठेवतात. रविवर्म्याचा छापखाना १८९४ ला मुंबईत निघाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि आपले त्र्यंबकचे दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी त्याच छापखान्यासाठी फोटोलिथोचं, म्हणजे फोटोवरून छपाईचं, काम करत होते. छपाईत नवीन काही आलं की आधी नाकं मुरडली जातातच. फिलिप पारेनो नावाच्या फ्रेंच कलाकाराची २०१३ च्या सुमाराची स्क्रीनप्रिंटची मालिका आहे, फॉस्फोरसंट शाईतली, उजेडात कागद जवळजवळ कोरा आणि अंधारात चित्र. ती मोठमोठ्या ठिकाणी लागली.

काळीशाई

मोठ्या ठिकाणी लागली म्हणून चांगली हे मला मान्य नाही, पण असो. पारेनोच्या कामात एक गोष्ट मात्र आहे, चित्र विझत जातं हाच विषय आहे. गोदाकाठच्या ताईंच्या पुरात तसं काही आहे का? पूर चढलेला दिसतो, बरं, मग पुढे? पांडवलेण्यांवर रात्री काय उजळणार आहे? काळारामावर? ते मला पर्यटन खात्याच्या पोस्टरसारखं ऐकू येतंय.

गोदाकाठची

काळीशाई, रात्रभर डोक्यात तुमचाच प्रतिसाद फिरत होता. पूर चढलेला दाखवायचा नाहीच मुळी! पूर ओसरला पाहिजे. शाई विझत जाते ना, तर आधी छातीपर्यंतचं पाणी विझू दे, मग कमरेचं, शेवटी घोट्याचं तेवढं उरू दे. आपण पण पुराच्या दिवसांत पुलावर उभं राहून हेच बघतो की, चढतंय का उतरतंय. कण_कण सर, दोन पावडरींचा वेग वेगळा आहे म्हणालात, तर वरच्या पाण्याला झिंक सल्फाइड आणि खालच्याला अॅल्युमिनेट असं जमेल का?

जाळीवाला

हे झकास आहे. फक्त एक मेख आहे. अॅल्युमिनेट सुरुवातीलाच झिंकच्या कितीतरी पट उजळ असतं. दोन्ही सारख्या जाडीने छापलं तर दिवा घालवल्या घालवल्या खालची पट्टी डोळ्यात घुसेल आणि वरचं झिंक दिसणारच नाही, पूर यायच्या आधीच ओसरलेला. अॅल्युमिनेट क्लिअर बेसमध्ये पातळ करा, अगदी सात-आठ टक्क्यांवर आणा, एकच हात मारा, आणि झिंक मात्र भरपूर, दोन-तीन हात. सुरुवातीला दोन्ही सारखे दिसेपर्यंत पट्ट्या छापून बघा.

कण_कण

जमेल, पण मला दुसरा मार्ग जास्त आवडतोय. एकच पावडर घ्या, अॅल्युमिनेट. त्याचा उजेड साधारण वेळेच्या व्यस्त प्रमाणात उतरतो, म्हणजे एका मिनिटाला जेवढा असेल त्याचा दहावा हिस्सा दहाव्या मिनिटाला. आता वरची पट्टी खालच्या पट्टीच्या एक तृतीयांश उजळ ठेवली, तर डोळ्याला दिसेनाशी होण्याची जी काही हद्द असेल ती हद्द वरची पट्टी एक तृतीयांश वेळातच गाठेल. म्हणजे घोट्याला तीन हात, कमरेला दोन, छातीला एक, एवढ्यावर पाणी आपोआप वरून खाली उतरतं. रंग एकच राहतो, दोन डबे सांभाळावे लागत नाहीत.

तोटा असा की पहिल्या क्षणापासूनच छातीचं पाणी फिकट दिसणार. जाळीवाल्यांच्या पद्धतीत सुरुवातीला सगळं सारखं आणि मग वरचं झपाट्याने जातं, नाट्य त्यात जास्त.

आणि डोळ्याचं विसरू नका. प्रिंट विझत असते त्याच वेळी बघणाऱ्याचा डोळा अंधाराला सरावत असतो, पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. उन्हातून थेट आत आलेल्या माणसाला पहिली दोन मिनिटं काहीच दिसणार नाही आणि मग, उजेड कमी होत असतानाही, त्याला चित्र वाढल्यासारखं वाटेल. मीटरवर पाणी उतरतंय आणि बघणाऱ्याला चढतंय.

भटक्या४२२

मग तर आमच्या पाटबंधारे खात्यासारखंच झालं भो, आकडे एक सांगतात आणि गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) दिसतं दुसरंच.

सावली

प्रदर्शनाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी. फ्रेमिंग आणि कागद जपण्याचं काम करते. नेहमीचा नियम कागदावरच्या कामाला पन्नास लक्सच्या आसपास उजेड आणि अल्ट्राव्हायोलेट शून्य. तुमच्या प्रिंटचं पोटच उजेडावर भरतं, तेही निळ्या आणि अल्ट्राव्हायोलेट बाजूच्या. त्यामुळे दिवसाच्या चित्रातले रंग न उडणारे निवडा, काळा कार्बनचा, मातीरंग वगैरे, कारण ही प्रिंट अंधाऱ्या कपाटात जपता येणार नाही. फ्रेमवाला हल्ली कौतुकाने यूव्ही रोखणारी काच लावतो, ती लावू देऊ नका, चार्ज कमी होतो. पिवळसर वॉर्म बल्बपेक्षा थंड पांढरी एलईडी किंवा आपली जुनी ट्यूबलाईट बरी. लाल दिव्याने ही पावडर चार्ज होत नाही आणि अंधाराला सरावलेला डोळाही फारसा बिघडत नाही, म्हणून दालनाच्या आधी एक छोटा लाल दिव्याचा आडोसा करा, पडदे लावून, तिथे लोकांना पाच मिनिटं थांबवा. तिथेच बाकी माहिती वाचायला ठेवली की वैतागत नाहीत.

आणि दिवे टायमरवर टाका. प्रेक्षकाच्या हातात बटण दिलं तर काळीशाई म्हणतात तसं होणारच, टकाटक चालू-बंद. दहा मिनिटं दिवे, मग पूर उतरेपर्यंत अंधार, ज्याला बघायचंय तो थांबेल.

फोटोकाका

फोटो काढताना मोबाईलचा ऑटो मोड वापरू नका, तो प्रत्येक फोटो आपल्या मर्जीने उजळ करतो आणि एडिशनमधली (एकाच चित्राच्या सगळ्या प्रतींमधली) पहिली आणि पंधरावी प्रिंट सारखीच दिसते. स्टँड लावा, आयएसओ आणि वेळ हाताने ठरवून टाका आणि प्रत्येक प्रिंट तेवढाच वेळ एकाच दिव्याखाली धरून, दिवा गेल्यावर तितक्याच वेळाने फोटो. शाई तळाला बसली होती का ते लगेच कळतं.

गोदाकाठची

दोन्ही पद्धतीच्या पट्ट्या छापून बघितल्या. जाळीवाले दादा म्हणाले तसंच झालं, पातळ न करता अॅल्युमिनेट शेजारी ठेवलं की झिंक मेल्यासारखं दिसतं. पातळ केल्यावर मात्र दोघांचं जमलं, आणि झिंकचं पाणी चहा उकळेपर्यंत कमरेवर आलं, बघताना अंगावर काटा आला खरंच. सर, तुमची तीन हातांची पट्टी पण केली, ती जास्त शांत आहे, तिच्यात पाणी उतरतंय हे कळायलाच वेळ लागतो. मला अजून ठरवता येत नाहीये.

क्रम पण सापडला. आधी पांढऱ्या कागदावर चमकणारी शाई आणि शेवटी वरून काळं रेखाटन. मूर्ती, घाटाच्या पायऱ्या, नारोशंकराची घंटा, सगळं रात्री पाण्यासमोर काळं उभं राहतं, वेगळं काही छापावं लागत नाही. उलट क्रमाने, काळ्यावर चमकणारी, छापून पाहिलं तर दिवसा बुरशी आल्यासारखं हिरवट आणि रात्री निम्मं पण नाही.

एक अडचण उरलीय. खिडकीतून तिरका उजेड आला की दिवसासुद्धा पाण्याच्या पट्टीची कड दिसते, पावडरीचा खरखरीतपणा कळतो.

जाळीवाला

पट्टी सोडून उरलेल्या कागदावर तोच क्लिअर बेस नुसता छापा, त्यात थोडी साधी मॅटिंग (चकाकी मारणारी) पावडर घालून. सगळ्या कागदाचा पोत सारखा झाला की कड हरवते. पावसाळ्याच्या आत उरका, ओल्या हवेत पाण्याचा बेस सुकता सुकत नाही आणि कागद लाटेसारखा उठतो, मग रजिस्टर बसत नाही, म्हणजे एक थर दुसऱ्यावर नीट जुळत नाही.

काळीशाई

कड दिसली तर बिघडतं का? पूर गेल्यावर गंगेकाठच्या वाड्यांच्या भिंतीवर पाण्याची रेघ राहतेच. १९६९ च्या पुराची रेघ दाखवणारे लोक अजून आहेत. दिवसाच्या चित्रात तेवढी खूण असू द्या, नीट बघणाऱ्याला सापडेल. मी तरी पुसणार नाही.

वुडकटवाल्यांसाठी माझाही एक प्रयोग: ठशाने पावडर न घातलेलं चिकट वार्निश छापलं आणि ओलं असतानाच चाळणीने वरून कोरडी पावडर भुरभुरली, सुकल्यावर मऊ ब्रशने झटकली. थर चांगला जाड बसतो. लाकडाची शीर पण उमटली. हो, मीच केलाय, हसू नका.

भटक्या४२२

हसत नाही, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

पैठणीवाली

एडिशनच्या मागे पेन्सिलने किंवा सोबतच्या कागदावर शाईची जात, थर किती आणि कुठल्या दिव्याखाली किती वेळ ठेवायचं हे लिहून द्या. विकत घेणारा घरी नेऊन बेडरूममधल्या पिवळ्या दिव्याखाली लावेल आणि मग फोन करेल की बंद पडलं.

गोदाकाठची

लिहून घेतलं ताई. काळीशाई, रेघ ठेवतेय. बेस मूर्तीचा वरचा भाग सोडून बाकी सगळीकडे छापीन, छातीच्या पाण्याची कड तेवढी उघडी. आणि पांडवलेणी, काळाराम सध्या बाजूला, त्यांच्यात विझण्यासारखं काही मला सापडत नाहीये. त्याऐवजी त्याच घाटाचे अजून दोन पूर करते, २००८ आणि १९६९. त्यासाठी कोणाकडे जुने फोटो, घरच्या अल्बममधले, सराफ बाजार किंवा भांडीबाजारात पाणी कुठवर होतं ते दिसणारे असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

जाळीवाले दादा, ४३ टी ताणलेली मोठी फ्रेम तुमच्याकडे रविवारी मिळेल का? माझी जाळी सैल पडलीय, दोन हात मारले की डबल होतंय.

जाळीवाला

या की, रविवारी मशीन बंदच असतं. स्क्विजी (शाई ओढायची रबरी पट्टी) तुमची आणा, आमची सगळी सॉल्व्हंटच्या शाईने खाल्लीत. आणि झिंकचा डबा पण घेऊन या, मला तो जिन्याच्या पट्टीशेजारी ठेवून बघायचाय.